मॉड्यूलला कोणते प्रश्न विचारता येऊ नयेत

आजचा विषय पत्रिकेवर जरा जड दिसतोय: फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये मॉड्यूलचा इंटरफेस आणि त्याचं इम्प्लिमेंटेशन वेगळं का ठेवायचं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने यावर का बोलावं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. ते बोलता बोलता उलगडेल. सुरुवात महागावच्या नावापासूनच करू.

कृतिदेव हा फॉन्ट तुमच्यापैकी अनेकांनी वापरला असेल. त्यात 'महागाव' टाइप करायचं तर इंग्रजी कीबोर्डावरच्या ई, जी, के, एक्स, के, ओ या कळा दाबायच्या. पडद्यावर व्यवस्थित 'महागाव' उमटतं. पण फाइलमध्ये काय साठतं? ई, जी, के, एक्स, के, ओ. बस, एवढंच. त्या फाइलमध्ये 'म' कुठेच नाही. ई आहे, आणि ई चं चित्र म सारखं काढणारा एक फॉन्ट आहे. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की अर्जाचा, ठरावाचा, पत्रिकेचा चिखल होतो. हा अनुभव सांगायला नको.

चिखल निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारा घोटाळा जास्त वाईट. समजा ग, म आणि ह ने सुरू होणारी तीन नावं कृतिदेवमध्ये लिहिली आणि यंत्राला म्हटलं, अकारविल्हे लाव. यंत्राला त्या फाइलमध्ये एक्स, ई, जी दिसतात. ते इंग्रजी क्रमाने ई, जी, एक्स असं लावतं. म्हणजे आपल्याला मिळतं म, ह, ग. यादी सुबक दिसते, प्रत्येक नाव वाचता येतं, आणि क्रम साफ चुकलेला असतो.

इथे नेमकं काय बिघडलं? फॉन्ट वाईट होता असं नाही. छपाईसाठी तो उत्तम चालला. बिघाड असा की मजकूर म्हणजे काय आणि तो चितारायचा कसा, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याच गेल्या नाहीत. चितारण्याची युक्ती हाच मजकूर होऊन बसला. मग दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट आला की त्याची युक्ती वेगळी, आणि आधीची सगळी कागदपत्रं परकी.

हे ओळखणारे लोक आपल्याकडे होते. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्र, आणि त्यासोबतची इस्की ही संकेतप्रणाली, यांची बैठकच वेगळी होती. इस्कीत 'क' ला एक क्रमांक. तो देवनागरीत दाखवायचा की गुजरातीत, ते नंतर ठरवायचं. अक्षर साठवा, आकार साठवू नका. १९९१ मध्ये युनिकोड आलं तेव्हा त्यातल्या देवनागरी विभागाची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली होती. तुमच्या मोबाइलमध्ये आज जी मराठी आहे, ती या विचारावर उभी आहे.

हाच विचार प्रोग्रॅमच्या पातळीवर काटेकोरपणे मांडायचा म्हणजे आजचा विषय. मजकुराकडे परत येऊच, पण आधी एक सोपं उदाहरण घेऊ: जमिनीचं क्षेत्र.

एका प्रोग्रॅमरने शेतीचे हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. आपण बोलतो 'दोन एकर वीस गुंठे', आणि लिहितो २.२०. त्यानेही तसंच दशांश संख्येत लिहून टाकलं. दुसरा तुकडा एक एकर तीस गुंठे, म्हणजे १.३०. यंत्राने बेरीज केली ३.५०. आता इथे बसलेला कोणताही शेतकरी सांगेल की चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, तेव्हा उत्तर चार एकर दहा गुंठे. आणि ३.५० कुणी 'साडेतीन एकर' असं वाचलं, तर अर्धा एकर तर गेलाच, वर दहा गुंठेही गेले. तीस गुंठे जमीन कागदावरून गायब, आणि यंत्राने एकही चूक दाखवली नाही. त्याच्या दृष्टीने दोन दशांश संख्या होत्या, त्याने त्या मिळवल्या.

हे टाळायचं कसं? एक उपाय म्हणजे सगळ्यांना बजावून सांगायचं की बाबांनो, ही संख्या दिसते तशी नाही, जपून मिळवा. माणसांच्या गावात असे उपाय किती टिकतात ते आपण जाणतो. दुसरा उपाय असा की ती संख्या कुणाच्या हाती द्यायचीच नाही. फळ्यावर चार ओळी लिहितो:

प्रकार: क्षेत्र
घडव: एकर आणि गुंठे घेतो, क्षेत्र देतो
बेरीज: दोन क्षेत्रं घेते, क्षेत्र देते
दाखव: क्षेत्र घेतो, छापण्याजोगा मजकूर देतो

ही झाली सिग्नेचर, म्हणजे इंटरफेस. यात काय नाही ते बघा. 'क्षेत्र' नावाचा प्रकार आहे एवढंच सांगितलंय. तो आत कशाचा बनलाय ते सांगितलेलं नाही. ते दुसऱ्या ठिकाणी, इम्प्लिमेंटेशनमध्ये. तिथे मी एकूण गुंठे एका पूर्णांकात ठेवीन, नाहीतर एकर आणि गुंठे अशी जोडी ठेवीन. ओकॅमल या भाषेत या अक्षरशः दोन फायली असतात: डॉट-एमएलआय मध्ये इंटरफेस, डॉट-एमएल मध्ये आतलं काम. हास्केलमध्ये फाइल एकच, पण तिच्या माथ्यावर कोणती नावं बाहेर द्यायची याची यादी असते. प्रकाराचं नाव यादीत द्यायचं आणि तो घडवण्याची आतली रीत द्यायची नाही, की काम झालं. हास्केलमध्ये स्वतंत्र सिग्नेचर लिहिण्याची सोय बॅकपॅक या नावाने फार उशिरा, २०१७ मध्ये आली.

आता बाहेरचा कुणी क्षेत्रामध्ये थेट दशांश मिळवायला गेला, तर कंपायलर तिथेच थांबवतो. प्रोग्रॅम चालूच होत नाही. सूचनाफलक आणि भिंत यांत जो फरक असतो, तोच हा. फंक्शनल भाषांमध्ये ही भिंत पक्की असण्याचं एक कारण असं की तिथे एकदा तयार झालेलं मूल्य सहसा मागाहून बदलत नाही. मूल्यं आणि त्यांच्यावर काम करणारी फलनं, एवढाच मुख्य संसार. मॉड्यूलने बाहेर दिलेली फलनं हाच आत जाण्याचा मार्ग.

ही कल्पना एका माणसाची नाही. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी एक निबंध लिहिला, प्रोग्रॅमचे तुकडे कोणत्या निकषावर पाडावेत यावर. त्यांचं म्हणणं होतं की आधी हे काम, मग ते काम, असे पायऱ्यांप्रमाणे तुकडे पाडू नका. उद्या बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय शोधा आणि तो एकेका मॉड्यूलच्या पोटात ठेवा. १९७४ मध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिलेस यांनी अमूर्त प्रकारांची कल्पना मांडली. आणि ज्या एमएल भाषेतून ओकॅमल उतरली, तिची मॉड्यूलव्यवस्था डेव्हिड मॅक्वीन यांनी १९८४ च्या सुमारास घडवली.

पण एमएलची जन्मकथा याहून रंजक आहे, आणि माझ्यासारख्याला ती सोडवत नाही. रॉबिन मिलनर हे सिद्धता तपासणारं यंत्र बनवत होते. स्टॅनफर्डला असताना केलेल्या पहिल्या यंत्रात अडचण अशी की प्रत्येक सिद्धतेच्या सगळ्या पायऱ्या साठवून ठेवाव्या लागत, आणि त्या काळच्या यंत्राची स्मृती भरून जाई. पुढे एडिनबरोला त्यांनी वेगळा मार्ग काढला. 'सिद्धांत' नावाचा एक अमूर्त प्रकार केला. त्या प्रकारची वस्तू निर्माण करण्याचे मार्ग दोनच: एक तर ते गृहीतक असलं पाहिजे, नाहीतर आधीच्या सिद्धांतांवर अनुमानाचा नियम लावून ते मिळालं पाहिजे. तिसरा मार्ग नाही. त्यामुळे एखाद्या वस्तूचा प्रकार 'सिद्धांत' आहे एवढं कळलं की ती सिद्ध झालेली आहेच. पायऱ्या टाकून दिल्या तरी चालतं.

मंडळी, यावर क्षणभर थांबावं असं मला वाटतं. आपल्याकडे ज्ञानाचं प्रामाण्य कुठून येतं यावर शतकानुशतकं वाद झाले. ज्ञान ज्या सामग्रीतून जन्मतं तिच्यातच त्याचं प्रामाण्य असतं, की ते वेगळं तपासावं लागतं? मीमांसक एका बाजूला, नैयायिक दुसऱ्या. मिलनर यांना हा वाद ठाऊक असण्याचं कारण नाही. पण त्यांनी केलेली व्यवस्था अशी की जन्माची वाटच शुद्ध ठेवली, आणि मग मागाहून तपासायची गरज उरली नाही. हे साम्य ताणू नये, त्याची मर्यादा आहे. पण नजरेआड करण्यासारखंही ते नाही. एमएल ही भाषा मुळात या यंत्राची सोबतीण म्हणून जन्मली, आणि तिच्या प्रकारव्यवस्थेवर ही जबाबदारी होती की कुणीही मागच्या दाराने 'सिद्धांत' बनवू नये.

आता मूळ प्रश्न. आतलं लपवलं म्हणजे नेमकं काय मिळालं? 'सुरक्षितता' असं मोघम उत्तर पुरेसं नाही.

जॉन रेनॉल्ड्स यांनी १९८३ च्या एका लेखात याचं उत्तर गोष्टीतून दिलं. एका विद्यापीठात संमिश्र संख्यांच्या वर्गाला गर्दी झाली, म्हणून दोन तुकड्या पाडल्या. एका तुकडीला प्राध्यापक देकार्त, दुसरीला प्राध्यापक बेसेल. देकार्त पहिल्या दिवशी म्हणाले, संमिश्र संख्या म्हणजे दोन वास्तव संख्यांची जोडी, एक आडवी, एक उभी. बेसेल म्हणाले, संमिश्र संख्या म्हणजे एक अंतर आणि एक कोन. दोघांनी आपापल्या परीने बेरीज, गुणाकार वगैरे शिकवलं. पुढच्या तासाला कार्यालयाच्या घोळामुळे तुकड्यांची अदलाबदल झाली. आणि काहीच बिघडलं नाही. का? कारण पहिल्या दिवसानंतर दोघेही फक्त बेरीज, गुणाकार, समानता यांच्याच भाषेत बोलत होते. आत जोडी कशाची आहे, हा विषय पुन्हा निघालाच नाही.

रेनॉल्ड्स गोष्ट सांगून थांबले नाहीत, त्यांनी ती गणितात बसवली. दोन इम्प्लिमेंटेशनमध्ये एक संबंध दाखवा, म्हणजे हे आतलं रूप त्या आतल्या रूपाशी जुळतं असा. इंटरफेसमधली प्रत्येक क्रिया तो संबंध राखते हे दाखवा. मग इंटरफेसमधूनच वापरणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला, कितीही मोठ्या, या दोन इम्प्लिमेंटेशनमधला फरक कळणार नाही. यातला 'कोणत्याही' हा शब्द महत्त्वाचा. अजून न लिहिलेले प्रोग्रॅमही त्यात आले. लपवण्यातून मिळतं ते हे: आतलं उद्या बदलण्याची मोकळीक, आणि बदल बाहेर जाणवणार नाही याची हमी. काही वर्षांनी मिचेल आणि प्लॉटकिन यांनी हेच तर्कशास्त्राच्या भाषेत सांगितलं. अमूर्त प्रकार म्हणजे 'असा कोणता तरी प्रकार आहे, ज्याच्यावर या क्रिया चालतात' असं अस्तित्वविधान. कोणता, ते सांगायचं नाही.

तत्त्वज्ञानात याचा एक भाऊ आहे. पॉल बेनासेराफ यांनी १९६५ मध्ये विचारलं, संख्या म्हणजे खरोखर काय? झर्मेलो यांच्या रीतीने संख्या संचांतून घडवल्या तर तीन या संचात एकच घटक असतो, तो म्हणजे दोन. फॉन नॉयमन यांच्या रीतीने तीनमध्ये शून्य, एक आणि दोन असे तीन घटक. अंकगणित दोन्हींकडे तंतोतंत सारखं. पण 'एक हा तीनचा घटक आहे का?' असं विचारलं तर एकीकडे हो, दुसरीकडे नाही. बेनासेराफ म्हणतात, यातलं बरोबर कोण ते ठरवायला काही आधारच नाही, तेव्हा संख्या म्हणजे हे संचही नव्हेत आणि तेही नव्हेत. मी माझ्या भाषेत असं म्हणेन: तो प्रश्न संख्यांच्या इंटरफेसमध्ये नाही. इंटरफेस म्हणजे विचारता येण्याजोग्या प्रश्नांची यादी, आणि तिचं अर्धं मोल यादीत नसलेल्या प्रश्नांत आहे.

आता मी मघाशी मुद्दाम एक गोष्ट वगळली. फळ्यावरच्या यादीत बघा, दोन क्षेत्रं सारखी आहेत का, हा प्रश्न मी लिहिलेला नाही. साधी गोष्ट वाटते. तीच सगळ्यात खोडकर निघते.

समजा इम्प्लिमेंटेशन जोडीचं आहे, आणि लिहिणाऱ्याने बेरीज करताना हातचा घेतला नाही. (२, २०) आणि (१, ३०) मिळून आत (३, ५०) असंच ठेवलं, आणि दाखवताना मात्र चार एकर दहा गुंठे दाखवलं. यात गैर काही नाही, आतला कारभार आहे. पण ओकॅमलमध्ये भाषेचं स्वतःचं बरोबरचं चिन्ह आहे, आणि ते अमूर्त प्रकाराचीही भिंत जुमानत नाही. थेट आतली रूपं ताडून बघतं. त्याच्या मते (३, ५०) आणि (४, १०) वेगळे. पडद्यावर दोन्ही ठिकाणी चार एकर दहा गुंठे, आणि यंत्र म्हणतं सारखे नाहीत. तेच एकूण गुंठ्यांचं इम्प्लिमेंटेशन असेल तर १७० आणि १७०, सारखे. म्हणजे आतलं बदललं की बाहेरचं उत्तर बदललं. रेनॉल्ड्स यांची हमी संपली, कारण यादीत नसलेला प्रश्न कुणीतरी विचारलाच. स्टँडर्ड एमएल या बाबतीत कडक आहे. सिग्नेचरमध्ये प्रकार अमूर्त ठेवला तर त्यावर भाषेची समानता लावताच येत नाही. हवी असेल तर तसं वेगळं जाहीर करावं लागतं. मला हेच योग्य वाटतं. ओकॅमलवाले सोयीचं कारण देतात. सोय आहे, पण महाग आहे.

रेनॉल्ड्स यांच्या गोष्टीत परत जाऊन बघा. बेसेलच्या वर्गात कोन पूर्ण फेरीने वाढला तरी संख्या तीच राहते. म्हणून त्यांना समानता स्वतः वेगळी सांगावी लागली. ती सांगितली, म्हणूनच अदलाबदल निभली.

याचं एक जुनं रूप पाणिनीकडे सापडतं. व्याकरणात एका घटकाच्या जागी दुसरा येतो, त्याला आदेश म्हणतात. ज्याच्या जागी येतो तो स्थानी. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं ५६ वं सूत्र असं ठरवतं की आदेशाला स्थानीसारखंच वागवावं, मात्र जो नियम प्रत्यक्ष वर्णांवर अवलंबून असेल तिथे नाही. भूमिका तीच राहिली तर बदली चालते. कोणते वर्ण आहेत असा प्रश्न विचारणारा नियम आला की बदली उघडी पडते. पाणिनी काही प्रोग्रॅमर नव्हते, आणि 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' हा सूर मला अजिबात मानवत नाही. पण अपवाद नेमका कुठे लागतो, हे त्यांनी अचूक हेरलं होतं.

आता मजकुराकडे. हास्केल भाषेची पहिली अधिकृत व्याख्या १९९० ची. तीत मजकूर म्हणजे 'स्ट्रिंग', आणि स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची साखळी, हे उघड सांगितलेलं. भिंत नाही, फक्त दुसरं नाव. मग सगळ्यांनी साखळीवरच्या क्रिया सर्रास मजकुरावर वापरल्या. शिकवायला सोपं, पण साठवायला आणि वेगाला वाईट; प्रत्येक अक्षरामागे स्मृतीत कितीतरी जागा जाते. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही आज ते बदलता येत नाही. कारण असंख्य प्रोग्रॅम त्या साखळीवर टेकलेले आहेत.

मागाहून 'टेक्स्ट' नावाची लायब्ररी आली. तिने प्रकार अमूर्त ठेवला. आत मजकूर यूटीएफ-१६ मध्ये होता. २०२१ च्या अखेरीस तिची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि आतलं रूप यूटीएफ-८ झालं. पायाच बदलला. ज्यांनी फक्त इंटरफेस वापरला होता, त्यांच्या प्रोग्रॅमला जवळजवळ हातच लावावा लागला नाही. एकाच भाषेतल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. उघडी स्ट्रिंग जागची हलत नाही, झाकलेला टेक्स्ट आतून पार बदलला तरी बाहेर चाहूल नाही.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-१६ मध्ये दोन बाइट घेतो, यूटीएफ-८ मध्ये तीन. 'महागाव' मध्ये सहा संकेत: म, ह, काना, ग, काना, व. आधी १२ बाइट, आता १८. इंग्रजीची जागा निम्मी झाली, मराठीची दीडपट. बदलाचं कारण रास्त आहे. जगातल्या बहुतेक फायली यूटीएफ-८ मध्येच येतात, त्यामुळे दर वेळचं रूपांतर वाचतं. पण इंटरफेसमध्ये 'किती जागा लागेल' असं काही लिहिलेलंच नसतं. प्रकार उत्तराबद्दल बोलतो, खर्चाबद्दल गप्प असतो. ते ज्याने त्याने दस्तऐवजात वाचायचं.

आणि आता ज्या शब्दासाठी मी हे सगळं सांगतोय तो शब्द. 'शेतकऱ्यांना'. यवतमाळ जिल्ह्यात या शब्दाचं वजन काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. यातला 'ऱ्य' मराठीचं खास लेणं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरुजी आणि स्वयंपाकी यांच्याएवढा फरक. युनिकोडमध्ये हा ऱ्य दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, आणि य. दोन्ही प्रमाणात मान्य, आणि चांगल्या फॉन्टमध्ये दिसायला तेच. पहिल्या रीतीने 'शेतकऱ्यांना' मध्ये ११ संकेत, दुसऱ्या रीतीने १२. आपण वाचतो पाच अक्षरं: शे, त, क, ऱ्यां, ना. युनिकोडची जी नेहमीची प्रमाणीकरणाची रीत आहे, तीही या दोन रूपांना एक करत नाही.

म्हणजे काय होतं? समजा अर्जांचा साठा आहे. काही अर्ज एका कीबोर्डवरून आले, काही दुसऱ्यावरून. तुम्ही 'शेतकऱ्यांना' शोधता. यंत्र संकेत ताडून बघतं, दुसऱ्या रीतीचे अर्ज त्याला सापडत नाहीत, आणि ते तुम्हाला शांतपणे सांगतं: एवढेच आहेत. ज्याचा अर्ज सुटला, त्याला कळायलाही मार्ग नाही की आपण सुटलो. (३, ५०) आणि (४, १०) चीच ही गोष्ट, फक्त इथे गुंठ्यांऐवजी माणूस आहे.

टेक्स्ट लायब्ररीला याचा दोष देता येत नाही. तिची समानता संकेतांची आहे, आणि तसं ती सांगते. आपल्याला हवी ती मराठी वाचकाची समानता. तेव्हा आपण तिच्यावर आपलं मॉड्यूल बांधायचं. समजा प्रकाराचं नाव 'शोधशब्द'. तो निर्माण करण्याचा मार्ग एकच: साधा मजकूर घ्यायचा, ऱ्य ची दुसरी रीत दिसली की पहिलीत बदलायची, उरलेलं युनिकोडच्या नेहमीच्या रीतीने प्रमाण करायचं, आणि मगच शोधशब्द द्यायचा. प्रकार घडवण्याची आतली रीत बाहेर द्यायची नाही. आता शोधणारं फलन फक्त शोधशब्दच स्वीकारेल असं लिहा. साठ्यातला शब्दही शोधशब्द, तुम्ही विचारलेला शब्दही शोधशब्द. कुणी कच्चा मजकूर घुसवायला गेला तर कंपायलर अडवेल. दहा ठिकाणी तपासण्या लिहायच्या नाहीत, आणि अकराव्या ठिकाणी विसरायची भीती नाही. मिलनर यांच्या 'सिद्धांत' प्रकाराचीच ही घरगुती आवृत्ती म्हणा ना. उद्या ऱ्य ची तिसरी एखादी तऱ्हा आढळली, तर त्या एका फलनात एक ओळ वाढेल, आणि साठा पुन्हा त्यातून गाळून घेतला की झालं.

कंपायलर किती पाहतो आणि किती नाही, याचंही भान ठेवा. आत येणारा प्रत्येक शब्द त्या एकाच वाटेने आला, हे तो बघतो. त्या वाटेवरचं फलन ऱ्य नीट बदलतं की नाही, हे तो बघत नाही. बेरीज म्हणून वजाबाकी लिहिली तरी सिग्नेचर तक्रार करणार नाही. तेवढा भाग तुम्ही तपासायचा. पण तो आता एका पानाचा असतो, सगळ्या प्रोग्रॅमभर पसरलेला नसतो.

वेळ झाली आहे. एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, मग आतलं कधीच बघायचं नाही का? कधी कधी वेगासाठी गरज पडते.

गरज पडते, मान्य. टेक्स्ट लायब्ररीतच आतल्या गोष्टींचं वेगळं मॉड्यूल बाहेर ठेवलेलं आहे. त्याच्या नावातच 'इंटर्नल' हा शब्द आहे, म्हणजे वापरणाऱ्याने काय पत्करलंय ते त्याच्याच फाइलमध्ये दिसतं. यूटीएफ-८ चा बदल झाला तेव्हा ज्यांनी आतल्या रूपावर काम बांधलं होतं त्यांना ते पुन्हा लिहावं लागलं. उदाहरणार्थ, आयसीयू या युनिकोड लायब्ररीशी जोडणारं पॅकेज. ते यूटीएफ-१६ धरून चाललं होतं. त्यांना ते करता आलं, कारण आपण कुठे आत शिरलोय याची त्यांना नोंद होती. स्ट्रिंगच्या बाबतीत अशी नोंद कुणाकडेच नाही.

प्रश्न: आमच्याकडे कृतिदेवमधल्या जुन्या फायली पुष्कळ आहेत. त्या बदलताना काय पाहावं?

नुसती अक्षराला अक्षर बदलणारी कोष्टकं वापरू नका. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार उलटा: कृतिदेवमध्ये अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे बदलताना क्रम हलवावा लागतो, आणि जोडाक्षर असेल तर वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. रूपांतर झालं की 'स्थिती', 'कर्ज', 'शेतकऱ्यांना' हे तीन शब्द आधी शोधून बघा. ते सापडले आणि नीट दिसले, तरच पुढच्या फायलींना हात लावा. आणि मूळ फाइल पुसू नका, बाजूला ठेवा.